घाटनांदूरचा आठवा डबा

छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, पण गाडी कधी चालवली नाही, हिरवी झेंडी दाखवली नाही आणि कुणाचं तिकीटही तपासलं नाही. एवढं सांगितलं की समोरचा विचारतो, मग करत काय होता? खरं उत्तर असं, की हातोडी मारत होतो. परळी वैजनाथला गाडी येऊन थांबली की आम्ही दोघं-तिघं तिच्या कडेनं वाकून चालायचो, चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचो, ब्रेकचे पाइप बघायचो. काही दोष दिसला तर तो डबा ‘सिक’, म्हणजे आजारी, म्हणून जाहीर करायचा आणि गाडीतून कापून बाजूला लावायचा. हे काम करणाऱ्याला रेल्वेत टीएक्सआर म्हणतात, म्हणजे ट्रेन एक्झामिनर. माझ्या आईनं यातलं ‘सिक’ तेवढं लक्षात ठेवलं आणि पोरगा रेल्वेत डॉक्टर आहे असं गावभर सांगितलं. मीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

संपादकांनी नोकरीतले थरारक अनुभव लिहा असं कळवलंय. हातोडी मारण्यात थरार तो काय असणार? म्हणून निवृत्तीनंतरच्या उद्योगाचं लिहितो. त्यात निदान फजिती तरी आहे.

निवृत्त झाल्यावर दोन महिने घरात बसलो. तिसऱ्या महिन्यात बायकोनं, म्हणजे कुसुमनं, स्वच्छ सांगितलं की दिवसभर दारं-खिडक्या वाजवून बघत फिरू नका, दुसरं काही तरी शोधा. मग प्लायवूड, पत्रा आणि रंगाचे डबे आणून मी रेल्वेचे छोटे डबे करायला लागलो. इंजिनं विकत मिळतात. हैदराबादेत, पुण्यात चांगली डिझेल इंजिनं मिळतात, हातभर लांबीची. पण लोक इंजिन आणतात आणि मग लक्षात येतं की मागं काहीच नाही. नुसतं इंजिन कपाटात ठेवलं तर ते वाट चुकल्यासारखं दिसतं. मग कुणी तरी माझं नाव सांगतं.

गिऱ्हाइकं एकेक नग. मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याला गल्ल्यावर ठेवायला गाडी हवी होती आणि डब्यावरच्या पाटीवर एका टोकाला दिल्ली, दुसऱ्या टोकाला त्याच्या ढाब्याचं नाव. त्याला मी पाऊण तास समजावलं, की तुमच्या दारातून रूळ जात नाहीत. तो म्हणाला, “काका, दिल्लीवाले बी माज्याकडं जेवत न्हाईत, तरी पाटी लावली का न्हाई?” परळीच्या एका भुसार व्यापाऱ्याला कोळशाच्या इंजिनामागं वातानुकूलित डबे पाहिजे होते. मी त्याला परत पाठवला. कुसुम म्हणाली, आलेलं गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहतेय.

पण माझा नाइलाज असतो. ते जरा समजावून सांगतो, कारण पुढची सगळी शोभा यातूनच झाली. इंजिन गाडी ओढतं, पण थांबवायची तर ब्रेक प्रत्येक डब्याला लागतो. जुना ब्रेक व्हॅक्यूमचा. इंजिन पाइपातली हवा खेचून धरायचं. त्या डब्यांच्या टोकाला एकच जाडजूड पाइप असायचा आणि डबे विटकरी रंगाचे असायचे. पुढं दाबाच्या हवेचा ब्रेक आला, दोन बारीक पाइप आले आणि फरक कळावा म्हणून डबे निळे झाले. आता जुन्या व्हॅक्यूमच्या इंजिनाला निळे डबे लावले तर ते ओढून नेईल हो, पण थांबवायचं कुणी? म्हणून इंजिनाला डबे निवडायचे म्हणजे सोयरीक जमवायची. रूपरंग नंतर, आधी पत्रिका जुळली पाहिजे. इंजिन कुठल्या शेडचं, कुठल्या सालातलं, कुठल्या मार्गावर चालायचं, हे कळल्याशिवाय मी पत्र्याला कात्री लावत नाही.

“बघणाऱ्याला एक पाइप आणि दोन पाइप यातला फरक कळतो का?” कुसुमनं एकदा विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मला कळतो ना.”

“घरातला गॅस संपलेला तेवढा कळत नाही,” ती म्हणाली आणि आत गेली.

मागच्या हिवाळ्यात बीडहून एका बाईंचा फोन आला. नाव सुनंदा, शाळेत शिक्षिका. म्हणाल्या, माझे वडील किसनराव रेल्वेत पॅसेंजर गाडीचे ड्रायव्हर होते, त्यांची पंचाहत्तरी करायची आहे. सुनंदाच्या नवऱ्यानं सासऱ्यांसाठी डिझेल इंजिनाची प्रतिकृती मागवली होती. तिच्यामागं डबे हवे होते, आणि ते ‘आण्णांच्या वेळचेच’ हवे होते. हे शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलोच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी स्वतःहून बरोबर डबे मागत होतं.

किसनराव मूळचे आष्टीकडचे, नोकरी सगळी लांबच्या शेडला झाली, आता वयोमानानं बीडला लेकीकडं राहतात, हे सुनंदानं सांगितलं. बीडला नुकतीच रेल्वे आली होती. त्या गाडीची वाट बघण्यात तिथल्या लोकांच्या पिढ्या गेल्या, त्यामुळे ती आल्यावर गावात ज्याच्या घरी रेल्वेचा माणूस त्याची कॉलर ताठ झाली. गाडी बघायला सुनंदाची सासरची सगळी मंडळी स्टेशनात गेली तेव्हा म्हणे किसनराव मधोमध उभे आणि बाकीचे भोवती.

मी सुनंदाला अकरा प्रश्न विचारले. इंजिनाचा नंबर काय, नाक कुठल्या बाजूला, पाइप एक की दोन. त्या बिचारीला काही सांगता येईना. मग तिनं मोबाइलवर दोन जुने फोटो पाठवले. पहिल्यात एक सडसडीत माणूस इंजिनाच्या पायरीवर उभा आणि फोटोच्या अगदी कडेला, इंजिनामागं, एक उंच लोखंडी भिंत जेमतेम दिसत होती. मी ती बोटांनी मोठी करून पाहिली. ती डब्याची भिंत नव्हती, कोळशाच्या वॅगनची होती. तशी ती इंजिनं दोन्हींना लागायची, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नव्हतं. पण दुसरा फोटो निवृत्तीच्या सत्काराचा होता. किसनरावांच्या गळ्यात हार आणि मागं कापडी फलक. त्यावर नावापुढं लिहिलं होतं ‘ड्रायव्हर’ आणि हारांच्या आडून कंसातलं एकच अक्षर डोकावत होतं, ‘गु’. म्हणजे गुड्स. म्हणजे मालगाडी.

रेल्वेत हा फरक बारीक नाही. ड्रायव्हर आधी मालगाडीवर असतो, मग बढती मिळून पॅसेंजरवर जातो, नशिबात असेल तर मेलवर. मालगाडीवरच निवृत्त झालेला माणूस पॅसेंजरचा ड्रायव्हर होतो असं सांगत असेल, तर ते माझ्या आईनं मला डॉक्टर करण्यासारखंच होतं. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं, पण शोध लावल्याच्या आनंदात मी इतका फुगलो होतो की कुसुमनं लॉटरी लागली का असं विचारलं. मी तिला दोन्ही फोटो दाखवून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डबे करा, द्या आणि जेवून या. तोंड उघडू नका.”

डबे मी सुरेख केले. विटकरी रंगाचे पाच, टोकाला एकेक पाइप, खिडक्यांना आडवे गज. परळीहून बीडला रेल्वे अजून जात नाही, त्यामुळे रेल्वेचे पाच डबे मांडीवर घेऊन मी एसटीनं अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा करत निघालो. कंडक्टरनं खोक्यात काय आहे विचारलं. पॅसेंजर गाडी म्हटल्यावर तो म्हणाला, मग हिचं तिकीट कोण काढणार?

बीडला घरापुढं मांडव होता, साठ-सत्तर माणसं होती. किसनराव खुर्चीत बसले होते, फोटोतल्यासारखेच सडसडीत, डोक्यावर टोपी. टेबलावर इंजिन ठेवलं, मागं मी माझे डबे लावले, तेव्हा त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं डबे बघतायत. टाळ्या झाल्या. आणि सुनंदाच्या नवऱ्यानं माझ्या हातात माइक दिला.

छत्तीस वर्षांत मला कुणी माइक दिला नव्हता. एकदा दिल्यावर मी तो सोडतो कशाला? व्हॅक्यूम सांगितलं, पाइप सांगितले, विटकरी आणि निळा सांगितलं. लोक ऐकतही होते. त्यांनी ऐकलं हीच चूक झाली, कारण मला चेव आला. मी म्हणालो, आता एक गंमत सांगतो. हे इंजिन बरोबर आहे, डबेही त्या काळाचे बरोबर आहेत, फक्त या इंजिनामागं असे डबे कधी लागत नव्हते, कोळशाच्या वॅगन लागायच्या, कारण आपले सत्कारमूर्ती मालगाडीचे ड्रायव्हर होते. मग फोटोतलं ते ‘गु’ मी कसं ओळखलं तेही सांगितलं. मला वाटलं लोक हसतील.

कुणी हसलं नाही. सुनंदाच्या सासूबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, “कोळशाची व्हय?” आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. सुनंदा वडिलांकडं बघत होती. तिला हे माहीतच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. जन्मभर बाप गाडीवर गेला की आठ-आठ दिवसांनी यायचा. मागं काय जोडलंय हे लेकरांनी कधी विचारलं असणार? किसनराव मग शांतपणे म्हणाले, “बराबर हाय त्यांचं. मालगाडीच व्हती आमची.” सासूबाईंनी पदर सावरला आणि सगळ्यांना जेवून घ्यायला सांगितलं.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं मला झालं. नोकरीत मी शेकडो डब्यांत दोष काढले, पण एखाद्याच्या पंचाहत्तरीत त्याच्यातच दोष काढायची अक्कल मला निवृत्तीनंतर सुचली. पान वाढलं होतं. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं आणि त्यांचं बरोबरच होतं. चारची परळीची एसटी धरायची आणि पुन्हा या गावात पाय ठेवायचा नाही, असं ठरवून मी चपला शोधत होतो, तेवढ्यात किसनरावांनी मला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं.

ते बाजेवर बसले होते. इंजिन आणि पाचही डबे त्यांनी आत आणून बाजेवर मांडले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच राहू द्या म्हणून सांगितलं. मग ते आपणहून बोलले. बीडला गाडी बघायला गेले तेव्हा विहीणबाईंनी विचारलं होतं, तुम्ही असलीच गाडी चालवायचात का? आणि त्यांची मान हलली. एवढंच. खोटं असं काही बोलले नव्हते. पॅसेंजरची बढती एकदा आली होती, पण बदली लांब आणि आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून नाकारली. पुन्हा आली नाही.

“किती डबे हायती हे?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“आठ व्हते,” ते म्हणाले. “घाटनांदूरला. तुमी व्हतात की तितं. मान वाकडी करून हातोडी मारायची तुमची ढब हाय, मांडवात डबे लावताना तशीच मान केली तुमी.”

आणि मला सगळं आठवलं. माणूस नाही आठवला, तो दिवस आठवला. तो मी विसरलो नव्हतोच, फक्त त्याच्याकडं जायचं टाळत आलो होतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. ऐन उन्हाळा, दुपार उतरलेली. घाटनांदूर हे परळीच्या अलीकडचं छोटं स्टेशन. तिथं एका वॅगनचं काम निघालं म्हणून मी गेलो होतो. बाजूच्या रुळावर कोळशाची गाडी उभी होती. परळीकडं जाणारी पॅसेंजर आली आणि तिचं इंजिन तिथंच बसलं. तिचा ड्रायव्हर बंद इंजिन सोडून हलू शकत नव्हता. मग वरून हुकूम आला, की कोळशाच्या गाडीचं इंजिन काढून पॅसेंजरला लावा आणि त्याच ड्रायव्हरनं ती परळीला न्यावी. तो ड्रायव्हर म्हणजे किसनराव.

“जलमात यकदाच,” ते सांगत होते. “मपलं इंजिन जोडलं, तुमी पाइप लावला. मी टोपी काढून केस नीट केले. कोळशाला काय, कसं बी गेलं तरी चालतंय. परळीला एक नंबरला गाडी लावली. समदी माणसं उतरली. एक म्हातारी इंजिनापाशी आली अन् हात जोडून गेली.” त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “कोळसा कदी हात जोडत न्हाई, साहेब.”

सुनंदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, ते आम्हाला कळलं नव्हतं. तिनं कप खाली ठेवले आणि वडिलांना विचारलं, की हे कधीच का सांगितलं नाही.

“यका दिवसाचं काय सांगायचं?” किसनराव म्हणाले.

ती बाजेच्या कडेला बसली आणि एक डबा उचलून त्याच्या खिडक्या बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मला पुढचं माहीत होतं आणि त्याचीच धास्ती होती.

“समदं झ्याक झालं असतं,” किसनराव म्हणाले, “पर तुमी आठवा डबा कापला.”

कापला होता. शेवटचा डबा. इंजिन जोडल्यावर मी गाडी तपासत गेलो. चालत्या गाडीत चाकाच्या आसाची पेटी तापली तर आस मोडू शकतो, म्हणून प्रत्येक पेटीवर हाताची मागची बाजू टेकवून बघायची असते. सात डब्यांच्या पेट्या ठीक होत्या. आठव्याला हात लावला आणि चटका बसला. मी डबा सिक केला. पॅसेंजरचा गार्ड विनवत होता, लोक शिव्या घालत होते, पण सुरक्षेचा प्रश्न म्हटल्यावर टीएक्सआरपुढं कुणाचं चालत नाही. डबा रिकामा करून कापला. काही माणसं पुढच्या डब्यांत कोंबली गेली. बाकीची गठुडी, लेकरं घेऊन फलाटावर राहिली. मी छाती काढून उभा होतो.

“मी निघताना वळून बगितलं,” किसनराव म्हणाले. “फलाटावर उभी व्हती माणसं. काय जणांनी हात केला, थांबवा म्हणून. मला थांबवता येत न्हवतं. जलमात यकदा माणसं वाहिली, त्यातली बी डबाभर मागं ऱ्हायली. ती कदी पोचली, पोचली का न्हाई, कुनाला इचारायचं?”

यावर माझ्या तोंडून सवयीनं धंद्याचंच निघालं. म्हणालो, पाच डबे झालेत, अजून दोन करून देतो, म्हणजे त्या दिवसाप्रमाणे बरोबर सात होतील.

“आन् आठवा?”

“तो त्या दिवशी लागला नव्हता ना. इतिहासाप्रमाणे सातच येतात.”

सुनंदानं माझ्याकडं असं पाहिलं की कुसुमची आठवण झाली. आणि मग मी ते सांगून टाकलं. ते मी साहेबाला सांगितलं नव्हतं, सोबत काम करणाऱ्यांना नाही, बायकोलाही नाही.

घाटनांदूरच्या फलाटाला तेव्हा कडुलिंबाची रांग होती. सात डबे तिच्या सावलीत उभे होते. आठवा सावलीच्या बाहेर, पश्चिमेच्या उन्हात होता. मला लागलेला चटका आसाचा नव्हता, उन्हाचा होता. नियम असा की पलीकडच्या बाजूनं जाऊनही हात लावून बघायचा. पलीकडं कोळशाची गाडी खेटून उभी होती, वाकून आत शिरावं लागलं असतं, आणि मी एकदा डबा सिक म्हणून बसलो होतो. मी गेलो नाही. नंतर तो डबा उघडून तपासला तेव्हा त्यात काहीच निघालं नाही. शेरा आला, दोष आढळला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात उभ्या असलेल्या एका रिकाम्या वॅगनला सहज हात लागला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटपर्यंत मला नोकरीत चोख माणूस म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

हे सगळं सांगून झाल्यावर मी खाली मान घालून बसलो. किसनराव चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते बोटानं एकेक डबा नीट सरळ करत होते, शेवटच्या डब्याच्या मागं मोकळी जागा होती तिथपर्यंत.

“म्हंजे डबा चांगला व्हता,” ते म्हणाले.

“हो. चांगला होता.”

“मग लावा की आता,” किसनराव म्हणाले. “माणसं लई येळची थांबल्यात.”